मागच्या रांगेसाठी बांधलेली चाल

चौकातल्या चष्म्याच्या दुकानाच्या पाटीवर मालकांचं नाव ठसठशीत रंगवलेलं होतं. पण ते नाव घेऊन कोणी पत्ता विचारला असता, तर समोरच्या सायकलवाल्यालाही सांगता आलं नसतं. "गाण्याच्या बाईंच्या मिस्टरांचं दुकान" म्हटलं की मात्र शाळेत जाणारं कुठलंही पोर बोट दाखवायचं. लग्नानंतरची पहिली काही वर्षं चष्मेवाल्यांना हे जरा टोचायचं. पुढे टोचणं थांबलं आणि त्याची ऐट वाटायला लागली. शेवटी शेवटी तर फोनवर ते स्वतःची ओळख तशीच करून द्यायचे.

गंमत म्हणजे चष्मेवाल्यांना गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. भिंगाच्या कडेला केसाएवढा ओरखडा असला तरी त्यांना दिसायचा, पण सूर वर गेला की खाली आला हे विचारलं की ते बायकोच्या भुवयांकडे बघून उत्तर द्यायचे. भुवया वर असल्या की सूर वर. बहुतेक वेळा उत्तर बरोबर यायचं.

बाई शाळेत लागल्या तेव्हा त्यांना संगीताची खोली म्हणून जी जागा मिळाली, ती प्रयोगशाळेच्या मागची अडगळ होती. मोडकी बाकं, फाटके नकाशे, कोपऱ्यात दात विचकून उभा असलेला प्लास्टिकचा सांगाडा, आणि या सगळ्यात एक पेटी. पेटीचा भाता फाटला होता, तो चष्मेवाल्यांनी चष्म्याच्या घरांचं रेक्झीन लावून दुरुस्त करून दिला. बाईंनी सांगाड्याला खिडकीकडे तोंड करून उभं केलं आणि वर्ग सुरू केला.

वेळापत्रकात संगीताचा तास होता, पण प्रत्यक्षात तो गणिताचाच असायचा. गणिताचे सर दारातून डोकं आत घालून म्हणायचे, "बाई, आज तुमचा तास घेतो हं. अभ्यासक्रम फार मागे पडलाय." नवी नोकरी, सर वयाने मोठे, बाई मुकाट्याने तास द्यायच्या. वर्षभर हे चाललं. मग एक दिवस सरांनी डोकं आत घातलं तेव्हा बाई म्हणाल्या, "घ्या की. मग उद्याचा तुमचा तास मला द्या. माझाही अभ्यासक्रम मागे पडलाय."

"गाण्याचा अभ्यासक्रम मागे पडतो?" सरांनी खरोखरच नवलाने विचारलं.

"पडतो ना. पोरांना अजून 'सा' सापडलेला नाही."

सर हसत निघून गेले, पण त्यानंतर तास मागायला आले नाहीत. संध्याकाळी हे ऐकून चष्मेवाले इतके खूश झाले की त्यांनी समोरच्या सायकलवाल्याला चहाला बोलावून तो प्रसंग दोनदा सांगितला.

चाली बांधायची सवय बाईंना नाइलाजाने लागली. शाळेत शिकवायला जी गाणी होती, ती एकतर मोठ्या गायकांसाठी बांधलेली, नाहीतर उपदेशाने जड झालेली. मुलं ती म्हणायची, पण ताटातली नावडती भाजी संपवावी तशी. म्हणून बाई स्वतःच शब्द जुळवायला लागल्या आणि त्यांना चाल लावायला लागल्या. एक गाणं जिना उतरणाऱ्या पोराचं, एक हरवलेल्या छत्रीचं, एक नळाला पाणी येण्याची वाट बघणाऱ्या बादल्यांचं.

दुकान पुढे आणि घर मागे, मध्ये एक दार. दुकानात भिंगाच्या कडा घासायचं चाक होतं. ते चालू केलं की एकसारखा हुंकार निघायचा. सकाळी शाळेला जाण्याआधी बाई त्या हुंकारावर चाली बांधायच्या. घासायचं काम संपलं तरी आतून हाक यायची, "अहो, चाक जरा राहू दे चालू. सूर छान धरलाय त्याने." मग चष्मेवाले हातात काही नसताना चाकापुढे बसून राहायचे. एकदा एका गिऱ्हाइकाने विचारलं, काय घासताय? चष्मेवाले म्हणाले, "काही नाही, साथ करतोय."

हे असंच मजेत चाललं असतं. पण मग बासरीचा तो प्रसंग घडला.

बासरी म्हणजे सातवीतला एक मुलगा. त्याचा आवाज इतका कोवळा आणि सरळ होता की सगळी शाळा त्याला त्याच नावाने ओळखायची. बक्षीस समारंभाला स्वागताचं गाणं बासरीचं, हे ठरलेलंच. आठवीत गेल्यावर त्या वर्षीच्या समारंभात तो उभा राहिला, पहिली ओळ गायली, आणि दुसऱ्या ओळीच्या मध्यावर त्याचा आवाज फाटला. घोगरा झाला, मग एकदम किंचाळल्यासारखा वर गेला. सभागृह हसलं. पाहुणेसुद्धा हसले. बासरी कसाबसा शेवटपर्यंत गेला, खाली उतरला आणि थेट घरी निघून गेला.

शाळेत यावर ठरलेला तोडगा होता. मुलांचा आवाज फुटला की त्यांना गाण्यातून काढायचं आणि समारंभाच्या दिवशी खुर्च्या लावायला द्यायच्या. वर्षानुवर्षं हेच चाललेलं. बाईंनीही इतकी वर्षं तेच केलं होतं. पण त्या दिवशी घरी आल्यावर त्या पर्स न ठेवता दुकानातल्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसल्या.

"त्याला उभं मी केलं," त्या म्हणाल्या. "महिनाभर त्याचा आवाज जड होत चालला होता. मला ऐकू येत होतं. तरी म्हटलं, एवढा समारंभ निघून जाईल."

चष्मेवाल्यांनी पाणी आणून दिलं. "मुलं वयात आली की जातोच ना गं आवाज."

"जात नाही हो. घर बदलतो. आणि नेमकं त्याच दिवसांत आपण त्याला दाराबाहेर उभं करतो." बाईंनी पेला बाजूला ठेवला. "त्या वयासाठी गाणंच नाही कोणी बांधलेलं. एकही नाही."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आठवीच्या मुलांचे आवाज एकेक करून तपासायला घेतले. मुलं लाजायची, एकमेकांना कोपरं मारायची. पण बाईंच्या लक्षात एक गोष्ट आली. फुटलेल्या आवाजातही प्रत्येकाकडे चार-पाच सूर असे असतात, जे डळमळत नाहीत. त्याच्या वर गेलं की घसरण, खाली गेलं की नुसती हवा. आणि हे चार-पाच सूर दर महिन्या-दोन महिन्यांनी थोडे खाली सरकतात.

ही कल्पना पक्की करायला त्यांना एक मोठा माणूस हवा होता, ज्याला अजिबात गाता येत नाही. तो शोधायला लांब जावं लागलं नाही.

"अहो, 'आ' म्हणा."

"मी? दुकान उघडं आहे."

"उघडं असू दे. म्हणा."

चष्मेवाल्यांनी 'आ' म्हटलं. समोरचा सायकलवाला पंक्चर सोडून बघायला आला. बाईंनी पेटीवर एकेक पट्टी दाबून बघितली, मान हलवली आणि जाहीर केलं, "तुमच्याकडे तीन सूर आहेत. पण पक्के आहेत."

चष्मेवाल्यांना आयुष्यात गाण्याबद्दल मिळालेली ही पहिली शाबासकी. पुढे कित्येक दिवस ते कोणाला ना कोणाला सांगत होते, की तीनच आहेत, पण पक्के.

त्या उन्हाळ्यात बाईंनी रस्त्याचं गाणं बांधलं. नवा रस्ता होतोय, आणि तो झाल्यावर त्यावरून कोण कोण येईल, हे पुढच्या रांगेतल्या मुली आणि लहान मुलं गाणार. त्यांची चाल चढती, उड्या मारणारी. मागच्या रांगेत फुटलेल्या आवाजांची मुलं. ती रस्ता बांधणारी. त्यांना फक्त माती, खडी, पाणी, एवढेच शब्द, चार सुरांच्या आत, लांबवून, सावकाश. जिथे आवाज दगा देईल अशी शंका होती, तिथे बाईंनी शब्दच ठेवला नाही. तिथे पाय आपटायचा.

त्यांची मुलगी त्याच शाळेत सहावीत होती आणि पुढच्या रांगेत उभी राहायची. तिने घरी येऊन तक्रार केली, "आई, तू मागच्या पोरांचा रोड रोलर करून ठेवलायस."

"मग? रस्ता रोड रोलरशिवाय होतो का?"

बासरी मात्र गायला तयार नव्हता. बाईंनी आग्रह केला नाही. फक्त सांगितलं, तासाला बस. तो दाराजवळच्या मोडक्या बाकावर हाताची घडी घालून बसायचा. असेच तास गेले, आणि एक दिवस मागच्या रांगेचं काही केल्या जमेना तेव्हा तो बसल्या जागेवरून म्हणाला, "बाई, कडेचा उंच मुलगा 'खडी' खाली घेतोय."

"असं? मग दाखव बघू कसं घ्यायचं ते."

तो अडकला. सगळे त्याच्याकडे बघत होते. मग त्याने मान खाली घालून 'खडी' म्हटलं. आवाज जाडसर होता, नवा होता, आणि जागेवर होता. बाईंनी पेटी थांबवली नाही. दुसऱ्या दिवशी तो रांगेच्या मध्ये उभा होता. घरी आल्यावर मात्र बाईंनी ते 'खडी' तीनदा म्हणून दाखवलं, आणि चष्मेवाल्यांनी हातातला चष्मा उगाचच पुन्हा पुसायला घेतला.

आंतरशालेय समूहगीत स्पर्धा जवळ आली तसं मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना कपाटात ढाल हवी होती.

"बाई, मी काल तालीम ऐकली. पुढच्या मुली सुरेख गातात. मागची रांग कमी करा."

"सर, चाल दोन रांगांची आहे. एक काढली तर उरलेलं लंगडं होईल."

"मग दुसरं गाणं घ्या. तुमच्याकडे काय तोटा आहे?"

"गाणं आहे. पण मुलांना काय सांगू? एवढा घाम गाळलात, आता खुर्च्या लावा?"

मुख्याध्यापकांनी पेन खाली ठेवलं. "आणि हरलो तर?"

"तर माझ्यामुळे हरलो असं मीच सभेत सांगेन."

त्यांनी पेन पुन्हा उचललं. मग म्हणाले, "न्या. पण केस नीट विंचरून न्या त्यांचे. फारच राकट दिसतात."

स्पर्धेच्या दिवशी चष्मेवाल्यांनी दुकान बंद ठेवलं आणि पाचव्या ओळीत जाऊन बसले. त्यांना गाणं कळणार नव्हतं, म्हणून त्यांनी लोकांकडे बघायचं ठरवलं होतं. मागची रांग मंचावर आली तेव्हा सभागृहात कुजबुज झाली. ओठावर मिसरूड फुटलेली, हात कुठे ठेवावेत हे न कळणारी मुलं समूहगीताला कोणी आणत नसे. गाणं सुरू झालं. पहिल्या 'माती'ला चष्मेवाल्यांच्या पुढचा माणूस बायकोशी बोलत होता. दुसऱ्या 'माती'ला त्याने बोलणं थांबवलं. तिसऱ्या कडव्याला सगळ्या सभागृहात पंख्यांशिवाय कसला आवाज नव्हता, आणि जिथे शब्द नव्हता तिथे सगळ्या मागच्या रांगेचा पाय एकदम पडला, तेव्हा चष्मेवाल्यांना तो खुर्चीतून पाठीत जाणवला.

नंबर आला नाही. परीक्षकांच्या शेऱ्यात लिहिलं होतं, "आवाजांचा पोत एकसारखा नाही." त्या परीक्षकांत एक वयस्कर गायिका होत्या. त्या मुद्दाम मंचामागे आल्या आणि त्यांनी विचारलं, "चाल कोणाची?"

"शाळेची," बाई म्हणाल्या.

चष्मेवाले दोन पावलांवर उभे होते. त्यांनी ते ऐकलं, आणि घरी परतताना स्कूटर चौकात येईपर्यंत कसंबसं मनात ठेवलं. मग त्यांच्याने राहवलं नाही.

"तुझी आहे असं का नाही म्हणालीस?"

"नंबर नाही आला. आपली म्हणून काय मिरवायची?"

"नंबर गेला खड्ड्यात. मला सूर कळत नाही, पण लाज वाटण्यासारखं काय असतं ते कळतं. आज तिथे तसं काही नव्हतं."

मागे बसलेल्या बाईंनी त्यांच्या खांद्यावरचा हात जरा घट्ट केला.

त्यानंतरच्या शनिवारी त्या गायिका पत्ता विचारत दुकानात आल्या. चष्मा नको होता, गाणं हवं होतं. त्यांच्याकडे शिकणारे काही मुलगे त्याच वयाचे होते आणि शिकवणी सोडायच्या बेतात होते. "शेरा माझा नव्हता," त्या बसता बसता म्हणाल्या. "मी भांडले, पण एकटी पडले. आता मला सांगा, शाळेची म्हणजे कोणाची? शाळा काही चाली बांधत नाही."

बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. ते एक स्वच्छ काच पुसत होते.

"माझी," बाई म्हणाल्या.

गाणं त्या गायिकांकडे गेलं, तिथून दुसऱ्या शाळेत, तिसऱ्या शाळेत. इतर शाळांचे संगीत शिक्षक सुटीच्या दिवशी दुकानात यायला लागले. चष्मेवाले त्यांना आत पाठवायचे आणि चहा सांगायचे. बाईंनी मागच्या रांगेसाठी आणखी गाणी बांधली. एक विहीर उपसणाऱ्यांचं, एक जुन्या बसच्या इंजिनाचं, एक नुसत्या कंटाळ्याचं, जे मुलांना सगळ्यात आवडायचं. गणिताचे सर निवृत्त व्हायच्या आधी एक दिवस संगीताच्या खोलीत येऊन बसले आणि तास संपेपर्यंत उठले नाहीत. बासरी पुढे गायक वगैरे झाला नाही, बस चालवायला लागला. पण प्रवासी सांगायचे की हा चालक वळणावळणावर गुणगुणतो आणि गाडी झकास चालवतो.

मध्ये एकदा एका नाटक कंपनीचे दिग्दर्शक आले. त्यांनी इंजिनाचं गाणं कुठल्याशा कार्यक्रमात ऐकलं होतं. बाईंनी उन्हाळ्याच्या सुटीत त्यांच्या नाटकाला संगीत दिलं. नाटक चाललं, आणि चांगलं चाललं. जाहिरातीच्या मोठ्या कागदावर बाईंचं नाव आलं. चष्मेवाल्यांनी तो कागद दुकानाच्या काचेवर लावला, इतका ऐसपैस की आतल्या फ्रेमा दिसेनाशा झाल्या. गिऱ्हाइकं कुरकुरली, पण कागद हलला नाही.

दिग्दर्शक पुन्हा आले ते मोठा प्रस्ताव घेऊन. शाळा सोडा, कायमच्या आमच्याकडे या. चष्मेवाल्यांना मनातून वाटत होतं, हिने हो म्हणावं. अख्ख्या मुलखात नाव होईल. बाईंनी दोन दिवस विचार केला आणि नाही कळवलं.

"का गं?" चष्मेवाल्यांनी विचारलं. "तिथे नाव आहे, मान आहे."

"आहे. मजाही आली मला." बाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. "पण तिथे सगळ्यांनाच गाता येतं हो. मी तिथे काय करू?"

चष्मेवाल्यांनी त्यावर वाद घातला नाही. पण हे वाक्य त्यांनी जपून ठेवलं, आणि पुढे दुकानात कोणी विचारलं की बाई नाटकात का गेल्या नाहीत, तर ते जसंच्या तसं म्हणून दाखवायचे.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा शाळेत छोटासा समारंभ झाला. भाषणं लांबली, माइक दोनदा बंद पडला. त्यांच्या जागी एक तरुण सर आले. खोली आता अडगळीची नव्हती. रंग दिलेली होती, दोन पेट्या होत्या. बाईंनी किल्ली दिली आणि शाळेत जाणं बंद केलं. "नव्या माणसाच्या मानगुटीवर बसायचं नाही," असं त्यांचं म्हणणं होतं.

दुसऱ्या वर्षी शाळेच्या वार्षिक कार्यक्रमाचं बोलावणं आलं. मुलगी नोकरीच्या गावाहून मुद्दाम आली. तिघंही दुसऱ्या ओळीत बसले. शेवटी रस्त्याचं गाणं होतं. चष्मेवाले सवयीप्रमाणे लोकांकडे बघत होते, तेवढ्यात मुलीने वाकून त्यांच्या कानात सांगितलं, "बाबा, यांनी चाल बदललीय."

चष्मेवाल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. आयुष्यभराची मेहनत, आणि हा कालचा माणूस त्यात हात घालतो? त्यांनी बायकोकडे बघितलं. भुवया वरही नव्हत्या आणि खालीही नव्हत्या. बाई पुढे झुकून, डोळे मिटून ऐकत होत्या.

कार्यक्रम संपला, लोक पांगले, शिपाई खुर्च्या एकात एक घालायला लागले. नवे सर लगबगीने आले. चेहरा पडलेला.

"बाई, तुमच्या लक्षात आलंच असेल. रागावू नका. या वर्षीच्या मुलांचे आवाज फार लवकर उतरले. तुमचे चार सूर त्यांना पेलेनात. मी तीनवर आणलं. आणि मधला तो उतार होता ना, तिथे ती सगळी घसरायची, म्हणून तिथे पुढच्या रांगेकडे ओळ दिली."

"कधी बदललंत?"

"एकदाच असं नाही. दर महिन्याला थोडं थोडं. आवाज जसे हलले तसं." ते अडखळले. "तुम्हाला विचारायला हवं होतं."

"मला काय विचारायचं? मी त्यांचे आवाज ऐकलेत का?" बाई उठल्या आणि पेटी होती तिथे जाऊन उभ्या राहिल्या. "तो उतार पुन्हा म्हणा. नीट. मला शिकायचाय."

खुर्च्यांच्या खडखडाटात नव्या सरांनी ती ओळ म्हटली. बाईंनी त्यांच्या मागून म्हटली. चुकल्या, पुन्हा म्हटली. चष्मेवाले आणि मुलगी बाजूला उभे राहून बघत होते. बाईंचा चेहरा असा उजळलेला चष्मेवाल्यांनी नाटकाच्या पहिल्या प्रयोगालाही बघितला नव्हता.

घरी जाताना त्यांनी न राहवून विचारलं, "खरं सांग. चांगली कोणती? तुझी की त्याची?"

"या मुलांसाठी त्याची," बाई म्हणाल्या. "माझी म्हटली असती तर पोरं पडली असती."

"आणि तुला वाईट नाही वाटलं?"

"अहो, इतकी वर्षं लोक माझी गाणी घेऊन गेले. जशीच्या तशी म्हणतात, पोरांना झेपो न झेपो. आज पहिल्यांदा कोणीतरी गाणं नाही घेतलं, काम घेतलं."

चष्मेवाल्यांना ते समजायला चौकापर्यंतचा रस्ता लागला. समजलं तेव्हा चालता चालता त्यांची मान आपोआप ताठ झाली.

त्या आठवड्यात दुकानात जो कोणी येईल त्याला ते सांगत होते, की आमच्या हिची चाल शाळेतल्या नव्या सरांनी बदलून टाकली. गिऱ्हाइकं हळहळायची, कोणी रागवायचंही. मग चष्मेवाले हातातली फ्रेम बाजूला ठेवायचे, समोरची खुर्ची पुढे सरकवायचे आणि म्हणायचे, "नाही नाही, तुम्हाला कळलं नाही. बसा, पहिल्यापासून सांगतो."